कोस्याची शेपटी आणि आंधळगावचा माग

मित्रांनो, मी एक म्हातारा बोका आहे. मोहाडीत नंदलाल विणकरांच्या मागघरात, खिडकीखालच्या पोत्यावर मी दिवसभर पडून असतो. एक कान फाटला आहे, खालचे दात पडले आहेत आणि आता बोलायचाही कंटाळा येतो. तरी एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्यातलं कुणी ती सांगत नाही आणि तुमच्यातलं कुणी विचारत नाही, मग गैरसमज होतात आणि मार आम्ही खातो.

माझा जन्म रेशमाच्या कोषांच्या पोत्यामागे झाला. आई लवकर गेली. नंदलालांच्या बायकोने, शोभाताईने, मला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं. माझा रंग न धुतलेल्या कोसा-रेशमासारखा, म्हणून तिने माझं नाव कोस्या ठेवलं.

मला घरात ठेवलं ते काही लाडासाठी नव्हे. मागावर जे उभे धागे ताणतात, त्यांना ताणा म्हणतात. त्या ताण्याला भाताच्या पेजेची खळ लावावी लागते, म्हणजे धागा तुटत नाही. खळ वाळली की उंदरांना तो ताणा पंगतीच्या जेवणासारखा वाटतो. तरुणपणी मी एकही उंदीर, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यापर्यंत पोचू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की नंदलाल कापड पसरून म्हणायचे, "याले कुठं उंदराचा दात लागला असन तं दाखवा. आमचा कोस्या राखणीले बसला आहे." मी डोळे मिटून पडलेला असायचो, पण ऐकायचो सगळं. कौतुक कुणाला आवडत नाही?

सकाळी शोभाताई मागघराचं दार उघडायची. तिला पाहताच माझी शेपटी ताठ उभी राहायची आणि बुडापासून टोकापर्यंत थरथरायची. मी ती मुद्दाम हलवत नसे. आनंद आत मावेनासा झाला की तो शेपटीत येतो, एवढंच. "आला वं माझा राजा, शेपटी नाचवत," असं म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मग मी मागाच्या खांबांना गाल घासत एक फेरी मारायचो. आमच्या गालांत एक वास असतो. तुम्हाला तो येत नाही, पण आम्हाला तो सांगतो की हे घर आपलं आहे, इथे बिनघोर झोपायला हरकत नाही. मी कितीतरी वर्षं तसा झोपलो.

मग आंधळगावचा माग आला.

नंदलालांचे मोठे चुलतभाऊ परसराम आंधळगावात विणायचे. गुडघे गेले आणि त्यांना खड्ड्यात पाय सोडून बसवेना. जुना सागवानी माग सरपणात जाऊ नये म्हणून त्यांनी तो नंदलालांना दिला. टेम्पोतून माग उतरला तेव्हा घरात सणासारखी गडबड होती. शोभाताईने खांबांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पण पाण्याचा थेंबही लावू दिला नाही. या घराची तशी रीतच होती. भावाघरचा माग आला की त्याच्यासोबत त्या घरची बरकत येते आणि पाणी लावलं तर ती वाहून जाते, असं सगळे मानायचे. कोरड्या फडक्याने धूळ झटकली आणि आमचा जुना, वाळवी लागलेला माग काढून त्या जागी हा बसवला.

मी जवळ जाऊन त्या मागाच्या एका पायाचा वास घेतला आणि माझ्या अंगावरचे केस उभे राहिले.

त्या लाकडात दुसरा बोका होता. म्हणजे त्याचा वास होता, जुना आणि खोल मुरलेला. ही जागा माझी आहे, असं तो वास मला माझ्याच घराच्या मधोमध उभा राहून सांगत होता. बाहेरचा बोका कुंपणावर आला तर मी त्याला हाकलला असता. या बोक्याला हाकलायचं कसं? मी घाबरलो होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. घाबरलेला बोका जे करतो तेच मी केलं. त्या खांबाकडे पाठ केली, शेपटी वर केली, ती थरथरली आणि मी मुताची धार मारली.

मित्रांनो, नीट ऐका, कारण सगळी गफलत इथेच झाली. आनंदाने शेपटी थरथरते आणि धार मारतानाही थरथरते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पण आनंदात आमचं तोंड तुमच्याकडे असतं आणि खालची जमीन कोरडी राहते. धार मारताना आमची पाठ भिंतीकडे किंवा खांबाकडे असते आणि मागे ओल राहते. एवढं पाहायला कुणाला वेळ नव्हता.

शोभाताईने जमीन आणि भिंत फिनाईलने घासून काढली. मागाला मात्र तिने कोरडं फडकंच लावलं. त्यामुळे जमिनीवरून आणि भिंतीवरून माझा वास गेला आणि त्या परक्या बोक्याचा लाकडात तसाच मुरलेला राहिला. वर फिनाईलचा उग्र दर्प नाकात झोंबायचा. मला वाटायचं, माझ्या घरात आता माझं काहीच उरलं नाही. मग मी पुन्हा धार मारायचो, ती पुन्हा फिनाईल ओतायची. दोघंही अगदी थकून गेलो होतो.

एकदा धार ताण्यावर उडाली. लग्नाची साडी विणायला घेतली होती आणि पदर जवळजवळ होत आला होता. नंदलालांनी पिवळा पडलेला भाग पाहिला आणि ते खड्ड्यातून वर आलेच नाहीत. तिथेच डोकं धरून बसले.

"बोका बिघडला," ते संध्याकाळी म्हणाले. "राखणदारच कापड नासवून राहिला, तं ठेवाचा कायले?"

"म्हातारा झाला, असंच होत असन," शोभाताई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं. मला ती दिसली, आनंद झाला, शेपटी उभी राहिली आणि थरथरली. झाडू माझ्या कमरेत बसला. मला काही कळेना. मी तर तिच्याकडे तोंड करून उभा होतो.

त्यांची मुलगी दामिनी कॉलेजला निघाली होती. तिने वाकून जमिनीला बोट लावलं. "आई, काही नाही केलं वं त्यानं. कोरडं आहे न."

"आता नाही तं मंग करन," शोभाताई म्हणाली. "शेपटी हलवली का त्याचं तेच असते. तुले काय मालूम?"

त्यानंतर रोज सकाळी तेच. मी भेटायला जायचो आणि झाडू खायचो. शेवटी एका रविवारी नंदलालांनी मला पोत्यात घातलं, तोंड सुतळीने बांधलं आणि स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ठेवलं.

"कारध्याच्या नदीघाटावर सोडतो," ते म्हणाले. "तिकडं मच्छीवाल्याईच्या मागं पोट भरन त्याचं."

शोभाताई मागघरात निघून गेली. मी पोत्यातून ओरडलो आणि मग ओरडायचं सोडून दिलं. त्या वयात नवं गाव, नव्या बोक्यांशी मारामारी, हे मला झेपणार नव्हतं. मी मरणार हे मला कळत होतं.

स्कूटर सुरू होणार, तेवढ्यात परसराम आले. त्यांना त्यांच्या मागाची आठवण येत होती. काठी टेकत ते नंदलालांसोबत आत गेले, मागाच्या पायावरून हात फिरवला आणि हसले.

"अजून वास येते रे, नंदू. आमचा भुऱ्या बोका याच पायावर धार मारे. रोज. मेला तवापर्यंत सोडलं नाही त्यानं."

नंदलालांनी वाकून त्या पायाला नाक लावलं. परसरामांनी विचारलं, "काहून? काय झालं?"

शोभाताई धावत बाहेर आली. सुतळीची गाठ तिला सुटेना, तिने ती दातांनी तोडली. मला पोत्यातून काढून छातीशी धरलं आणि ती रडली. "म्या मारलं याले. कोरडं होतं तरी मारलं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नंदलाल चाचरत म्हणाले, "पण माग धुतला तं बरकत..."

"जाईन तं जाईन," शोभाताई म्हणाली. "जीव जात होता याचा, ते बरकतीत बसते का?"

परसरामांनीही मान हलवली. ताणा उतरवून माग सुटा केला गेला. अंगणात साबणाच्या पाण्याने प्रत्येक खांब घासला, कडक उन्हात वाळवला, पुन्हा घासला. फिनाईल कुणी आणलं नाही. माग परत आत आला तेव्हा त्या लाकडाला फक्त उन्हाचा वास होता. मी हळूहळू चारही पायांना गाल घासले आणि तिथेच झोपलो. त्यानंतर मी कधी धार मारली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं मांजर अचानक असं करू लागलं तर आधी घरात नवं काय आलं ते बघा. एखादं कपाट, एखादा पाहुणा, खिडकीबाहेर एखादा दांडगट बोका. तसं काही नसेल तर ते आजारी असेल, त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. ते तुमच्यावर सूड उगवत नसतं. सूड उगवण्याइतका दम आमच्यात नसतो. आणि त्याची शेपटी थरथरली तर हात उगारण्याआधी वाकून जमिनीला बोट लावा.

मला इथे आता कशाची कमी नाही. दूध मिळतं, पोतं ऊन खाऊन येतं. शोभाताई रोज सकाळी दार उघडते आणि उंबऱ्यावरच बसते. "कोस्या, हलव न रे शेपटी. आता कोणी काही म्हणत नाही तुले," ती म्हणते. मी उठतो, तिच्याकडे जातो. मला आनंद होतो, खरंच होतो. शेपटी अर्धी वर येते आणि खाली पडते. शोभाताईचे हात रिकामे आहेत हे मला दिसतं, पण शेपटीला ते अजून पटत नाही. मग शोभाताई बसून राहते आणि मी तिच्या पायाशी बसतो. ती माझ्या शेपटीची वाट बघते, आणि मीही.