दिव्याची हाक

बाइंडिंगच्या टेबलावरची ती ठार बहिरी आहे, हे अख्ख्या छापखान्याला ठाऊक होतं. नव्या सुपरवायझरलाही होतं. तरी तो मेला मागून घसा फाटेस्तोवर ओरडायचा. शेवटी ‘जाणूनबुजून दुर्लक्ष’ म्हणून त्याने तिला चौकशीला उभं केलं.

चौकशी अधिकारी कागदात तोंड खुपसून आरोप वाचत सुटले. ओठच दिसेनात, तर तिला काय कळणार, कप्पाळ? तिने टेबलावर थाप मारली आणि वहीत लिहिलं, ‘लिहून विचारा.’

अधिकारी ओशाळले. त्यांनी लिहिलं, ‘मग इतकी वर्षं कसं जमलं?’

‘शेजारच्या टेबलावर मावशी होती. काही सांगायचं असलं की माझ्या डोक्यावरचा दिवा दोनदा चालू-बंद करायची. ती निवृत्त झाली. तेव्हापासून मला कुणी हाकच मारलेली नाही.’

एवढं लिहून ती खाली मान घालून डोळे पुसत बसली. अधिकारी उठले आणि खरंच जमतं का बघावं म्हणून त्यांनी दाराजवळचं दिव्याचं बटण दोनदा दाबलं.

ती तोंडभर हसत वळली. दाराशी मावशी नव्हती, अधिकारी उभे होते.