मेलेला नव्हता तो अ‍ॅम्प्लिफायर

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आणि न उघडता बोललात, म्हणून ते जास्त खोटं. सभागृहाच्या मागच्या खोलीत पडलेल्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला बुटाच्या टोकानं ढकलून तुम्ही म्हणालात, "मेलाय हा. भंगारात टाका." सभागृहाचे व्यवस्थापक तुम्ही, आणि ही खोली तुम्हाला कोचिंग क्लासला द्यायची होती. बेंच टेम्पोतून उतरलेसुद्धा होते. लातुरात हल्ली रिकामी खोली कुणाला बघवत नाही.

मी उज्वला. गंजगोलाईच्या मागं माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, टेप, जे येईल ते उघडते. कॉलेजात शिकले नाही आणि त्याची मला लाजही नाही. त्या दिवशी माझ्या शेजारी रेणुकादास सर उभे होते. विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. तो अ‍ॅम्प्लिफायर त्यांचा, त्यांनीच तो आठवण म्हणून सभागृहाला दिलेला. मी म्हणाले, "न उघडता मेला कसं कळलं? मी उघडून बघते."

तुम्ही हसून म्हणालात, "उद्या क्लासचं उद्घाटन आहे. नारळ फोडायच्या आत चालू करून दाखवा. चालला तर इथंच राहील, माझा शब्द. मेलेल्या वस्तू ठेवायला हे स्मशान नाही."

अ‍ॅम्प्लिफायरची ती पेटी दुकानात आणली. जुनी, ट्रान्झिस्टरची, सागवानी खोक्याची. पेटी उचलून देताना तुमचा माणूस म्हणाला ते खरं होतं: वायर लावली की दिवा लागतो, आवाज मात्र येत नाही. मी आधी शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला, म्हणजे आत कुठं शॉर्ट असलाच तर बल्ब पेटेल, पेटी वाचेल. बल्ब पेटला नाही. स्पीकरच्या दोन टोकांना पेन्सिल सेल टेकवला. खट् झालं. स्पीकर जिवंत. मोठे ट्रान्झिस्टर मीटरवर तपासले, चांगले निघाले. कंडेन्सर फुगले होते. ते बदलले आणि ऐटीत म्हणाले, "सर, वाजवा."

सरांनी तार छेडली. काही नाही.

"उज्वला, राहू दे," सर म्हणाले. "भूकंपातच गेला तो."

"सर, गेलेल्या वस्तूत काहीतरी जळालेलं असतं. यात काहीच जळालं नाही. मग गेलं काय?"

मीटर घेऊन वीज जिथून येते तिथून एकेक टोक बघत निघाले. डायोडपर्यंत वीज होती, नव्या कंडेन्सरवर होती, तिथून सगळ्या भागांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर नव्हती. मधली वायर सोडवलेली, टोकावर चिकटपट्टी, वरून दोरा गुंडाळलेला. आणि पट्टीवरून दुसऱ्याच दोन जाड वायरी निघून स्पीकरच्या मागं वेटोळं करून ठेवलेल्या. त्यांच्या टोकांना बॅटरीचे चिमटे.

"सर, हा कुणाच्या ट्रॅक्टरचा चिमटा?"

सरांनी चिमटा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "अण्णारावांना फोन लाव."

अण्णाराव निलंग्याकडचे शेतकरी. गणपतीत सरांचा ऑर्केस्ट्रा त्यांच्या गावात होता. विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली. सर पाय मोडून दवाखान्यात गेले, पेटी मांडवातच राहिली. ती अण्णारावांनी उचलली आणि सर बरे झाल्यावर परत आणून दिली. हे मला ठाऊक होतं. मधल्या काळात तिचं काय झालं ते सरांनाही ठाऊक नव्हतं.

अण्णाराव सकाळच्या पहिल्या एसटीनं आले. पेटीत वाकून बघितलं.

"मामा, ही वायर तुम्ही तोडली?"

"तोडली न्हाई, सोडवली. तोडायला मी काय येडा हाय? लाइट न्हवती. दोन ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडल्या अन् माइक लावला. लाइट आली तर दोन्हीकडून वीज नको म्हून ही बाजूला केली. पत्र्याच्या शेडमधी महिनाभर ह्यावरच पुकारलो. कुणाचं लेकरू कुठं हाय, कुणाची म्हातारी सापडली, टँकर कुठं उभा हाय."

"मग परत जोडायची राहिली की," सर म्हणाले.

"तुमी मास्तर. इज्ञान शिकवायचे. म्हनलं, जोडली असल. वाजवत न्हाईत, तर पाय दुखत असल."

"मी लावून बघितला, आवाज आला नाही. वाटलं, तुमच्याकडं जळाला. पण तुमच्या घरातली माणसं गेली होती, अण्णाराव. त्यात पेटीचं काय विचारायचं?"

अण्णारावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इचारायचं की. लई जणांनी लई काय इचारलं. फोटो काढले. पेटीचं तेवढं कुणी इचारलं न्हाई. मी सांगितलं असतं. लई अभिमानानं सांगितलं असतं."

मी चिमट्यांच्या वायरी काढल्या, सोडवलेलं टोक खरवडून जागेवर कथिलाचा डाग दिला.

सरांनी तार छेडली. आवाज जाड, गरम, थोडा खरखरीत निघाला. समोरचा चहावाला किटली घेऊन दारात आला. अण्णाराव म्हणाले, "हाव. हाच." आणि मग, "मास्तर, बोटं लई ढिली पडली तुमची."

"तुमच्या जिभेवर मात्र गंज नाही चढला," सर म्हणाले आणि वाजवत राहिले.

तुमच्या नारळाआधी आम्ही पेटी सभागृहात आणून लावली, साहेब. सर वाजवत होते, अण्णाराव शेजारी ताठ उभे होते. उद्घाटनाला आलेली क्लासची पोरं पुस्तकं मिटून दाराशी जमली. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, हे कधीचं?" अण्णाराव तिला सांगायला लागले, पहिल्यापासून, न अडखळता.

तुम्ही आलात आणि म्हणालात, "बंद करा. उद्घाटनाची वेळ झाली. ठेवायला जागा नाही, घरी न्या."

घरी न्यायला आम्ही तो जिवंत केला नाही. ज्या पेटीनं हरवलेली माणसं घराला लावली तिला लातुरात एक कोपरा नाही, हे तुम्ही अण्णारावांच्या तोंडावर, त्या पोरांसमोर म्हणाल का? आम्ही पेटी उचललेली नाही, दारातच बसलो आहोत. तुमचा शब्द चालू आहे की मेलाय? या आणि उत्तर द्या.