वेंदुलाची झाबा

मी एक हिरवी गाडी. लांबुडकी, पाठीमागे भरपूर जागा असलेली आणि वयानं चोवीस वर्षांची. माणसाचं चोवीस म्हणजे ऐन तारुण्य. गाडीचं चोवीस म्हणजे काय, ते माझ्या दाराखालच्या पत्र्यावरून बोट फिरवून बघा. बोट तांबडं होईल. घरची मंडळी मला झाबा म्हणतात. झाबा म्हणजे बेडकी. रंगामुळे म्हणतात, असं मी धरून चालते. थंडीत सुरू होताना मी जो आवाज काढते त्यावरून म्हणतात, असं बोहुशमामाचं मत आहे.

माझी पहिली मालकीण क्रोमेर्झीश गावची एक दातांची डॉक्टरीण. बाई इतक्या टापटिपीच्या, की सीटवरचं प्लास्टिक त्यांनी दहा वर्षं काढलं नाही. मागं बसायला त्यांचं एक म्हातारं कुत्रं, तेही पाय पुसून. त्या मुलीकडे राहायला गेल्या आणि मला जवळच्याच कोयेतीन गावच्या एका बेकरीनं विकत घेतलं. पहिल्याच सकाळी प्लास्टिक टराटरा फाडून मागची सीट आडवी केली आणि माझ्या पोटात गरम पावाचे क्रेट रचले. त्या दिवशी मला कळलं, आजवर आपण नुसत्या चकचकीत होतो, उपयोगाच्या नव्हतो.

बेकरी यित्का आणि तिच्या नवऱ्याची. पाव पोचवायचं काम यित्काचा थोरला भाऊ बोहुश करायचा. लग्न न केलेला, आडव्या अंगाचा गडी. पोट स्टिअरिंगला टेकायचं, वळणावर घासायचं. शाळा, दवाखाना, दोन दुकानं आणि शेवटी टेनिस क्लबचं कँटीन, असा आमचा सकाळचा फेरा. आणि क्रेटच्या मधल्या फटीत बसून रोहलीक, म्हणजे तो लांबट मऊ पाव, कुरतडणारी यित्काची आठ वर्षांची मुलगी वेंदुला. तिला शाळेत सोडायचं कामही मामाकडेच.

क्लबात मामा पाव उतरवायचा तेवढ्या वेळात वेंदुला कुणाची तरी रॅकेट उचलून भिंतीवर चेंडू मारत बसायची. एक दिवस मामानं हाक मारली, तर ही येईना.

"मामा, अजून दहा!"

"दहा मिनिटं? अगं, शाळा भरली!"

"दहा मिनिटं नाही, दहा चेंडू. न चुकता."

चुकलं की पुन्हा एकपासून. शाळेत पोचलो तेव्हा दुसरा तास चालू होता. संध्याकाळी यित्कानं भावाला फैलावर घेतलं. "ती लहान आहे. तू एवढा घोडा झालास, तुला कळायला नको?"

"अगं, नवव्याला चुकत होती," मामा म्हणाला. "सारखी नवव्याला. मला तरी निघवतंय का तिथून!"

तिथून सगळं सुरू झालं. क्लबच्या प्रशिक्षकांनी मुलीला हाताशी धरलं. तिची मुळं त्या लाल मातीत अशी रुजली, की माझ्या पायपुसण्यांचा रंगसुद्धा बदलला. पीठ आणि लाल माती, दोन्ही माझ्या फटीफटीत बसली आहेत. अजून निघालेली नाहीत.

सतराव्या वर्षी वेंदुला व्यावसायिक खेळाडू झाली. व्यावसायिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचं मोठं मैदान येईल. तसलं काही नसतं. छोट्या गावात चार कोर्ट, खुर्चीत एक पंच, बघायला बारा माणसं. त्यातली चार खेळणाऱ्यांच्या घरची आणि एक माणूस सावलीला आलेला. त्याच सुमारास बेकरीनं नवी व्हॅन घेतली आणि मामाच्या पाठीनं पाव उचलायला साफ नकार दिला. म्हणजे आम्ही दोघंही पावाच्या धंद्यातून निवृत्त होऊन टेनिसमध्ये शिरलो.

मामाला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पोलंडच्या रस्त्यावर तो विचारायचा, "पंधरा, तीस, आणि मग एकदम चाळीस? पंचेचाळीस का नाही? मधले पाच कुणी खाल्ले?"

"मामा, तसंच असतं ते."

"तसंच कसं असतं? मी शाळेला पंचेचाळीस पावांच्या जागी चाळीस दिले असते, तर हेडबाईंनी मला सोडलं असतं?"

वेंदुला हसून हसून मागच्या सीटवर लोळायची. पावात घातलेलं तळलेलं कटलेट, आईनं दिलेले कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोल गोड पाव, आणि थर्मासभर चहा. कितीतरी हजार किलोमीटर आम्ही असे काढले. मला सामने कधी दिसले नाहीत. गाडी कोर्टात जात नाही. पण निकाल मला सगळ्यांत आधी कळायचा. जिंकली, की दार उघडायच्या आधीच बडबड ऐकू यायची. हरली, की आधी मागचं दार उघडून बॅग आत आदळायची आणि मग ती मुकाट्यानं पुढे येऊन बसायची.

दुसऱ्या वर्षी बॅगच आदळत राहिली. सलग नऊ स्पर्धांत मुलगी पहिल्या-दुसऱ्या सामन्यातच गारद. जागतिक क्रमवारीत शिरायचं तर आधी गुण मिळवावा लागतो, आणि तिच्या खात्यावर एकही नव्हता. यित्कानं एका रविवारी जेवताना स्पष्ट सांगितलं, "ऑगस्ट संपेपर्यंत बघू. नाहीतर ओलोमोउत्सला शिक्षिका व्हायच्या कॉलेजात तुझी जागा ठेवलेली आहे. मी रागानं म्हणत नाही, बाळा. तुझा चेहरा बघवत नाही म्हणून म्हणते." हे मला मामाकडून कळलं. तो एकटा असला की माझ्याशी बोलतो.

मग हंगेरीत ती दहाव्यांदा हरली. परतताना मामा समजूत घालायला गेला. "अगं, दुसऱ्या सेटमध्ये तर तू तिला असं पळवलंस, की..."

"मामा, पुरे! तुला टेनिसमधलं काय कळतं? तुला पावाचे क्रेट कळतात!"

आपण काय बोललो ते तिला लगेच उमगलं. पण शब्द बाहेर पडून गेले होते. त्यानंतर मामानं कोर्टात जाऊन बसणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणायचा. माझ्यातच बसून राहायचा, शब्दकोडं घेऊन.

ऑगस्टची शेवटची स्पर्धा स्लोव्हाकियात, ट्रेंचीनला होती. पात्रता फेरीत खेळायचं तर आदल्या संध्याकाळी सहाच्या आत स्वतः जाऊन सही करावी लागते. आम्ही वेळेत निघालो होतो. पण स्तारी ह्रोझेन्कोव्हचा घाट चढताना माझा पाण्याचा पाइप फुटला. वाफेचा लोट उठला आणि मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. साडेचार वाजले होते. त्या दिवसाइतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

वेंदुला गवतात जाऊन बसली. "झालं," ती म्हणाली. "झाबालाही कंटाळा आला माझा."

"गप बस," मामा पहिल्यांदाच ओरडला. "तिला पाइप फुटलाय, कंटाळा नाही आला."

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. चालवणारी विल्मा नावाची पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल, तोंडात गवताची काडी. मामानं हात जोडून सगळं सांगितलं.

"टेनिस? म्हणजे जाळीवरून चेंडू ढकलायचा तो?" विल्मा म्हणाली. "आणि त्याला एवढी घाई?"

"सहा वाजता दार बंद होतं हो. पोरीची शेवटची संधी आहे."

विल्मानं वेंदुलाकडे निरखून पाहिलं. "हिच्या तोंडावर तर चेंडू ढकलायचीही ताकद दिसत नाही. बांधा दोर! माझी गाय व्यायली तेव्हासुद्धा मी एवढी पळाले नव्हते, पण बघू."

ट्रॅक्टरमागून ओढली जात मी देशाची सीमा ओलांडली. मागं गाड्यांची ही रांग. उतारावर विल्मा ट्रॅक्टर असा सोडायची, की मामा डोळे मिटून ब्रेकवर उभा राहायचा. क्लबच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा खेळाडू मुली हातातलं टाकून बघायला आल्या. सहाला चार मिनिटं होती. वेंदुला धावत सही करायला गेली. तिला हसू आवरत नव्हतं. कित्येक महिन्यांनी मी ते हसू ऐकलं.

विल्मा पैसे घेईना. यित्कानं दिलेला कोलाच्यांचा डबा मात्र तिनं अख्खा नेला.

दुसऱ्या दिवशी मामानं पाच नंबरच्या कोर्टामागे माझ्याखाली पडून नवा पाइप बसवला. तिकडे वेंदुलानं पात्रता फेरीचे दोन्ही सामने काढले. आता मुख्य स्पर्धेतला पहिला सामना. तो जिंकला तर गुण. समोर हंगेरीची मानांकित मुलगी. आणि कोर्ट नेमकं पाच नंबरचं, कुंपणापलीकडे.

मामा माझ्यात बसला होता. शब्दकोडं उघडं होतं, पण पेनचं टोपण निघालं नव्हतं. कुंपणाला हिरवं कापड. दिसत काहीच नव्हतं. ऐकू येत होता फक्त चेंडूचा टप टप आवाज आणि पंचाचं ओरडणं. "हा आपला फटका," मामा माझ्याशी पुटपुटायचा. "नाही, तिचा. नाही गं, आपलाच." पहिला सेट वेंदुलाचा, दुसरा त्या मुलीचा. मामानं डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

तिसऱ्या सेटच्या आधी कुंपणाचं कापड एका कोपऱ्यात वर झालं. घामानं थबथबलेली वेंदुला.

"मामा, आत ये."

"गुडघा..."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. मी तेव्हा ते क्रेटचं बोलले ना, ते चुकलं माझं. केव्हाचं सांगायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं."

मामानं काचेतून तिच्याकडे पाहिलं. "अगं, पण खरंच मला काही कळत नाही तिथलं."

"म्हणूनच ये! ज्यांना कळतं ते सगळे मयताला आल्यासारखे बसतात. तू चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतोस. मला त्या हव्यात. चल, पंच बोलावतोय!"

मामा पायातल्या स्लिपर घालूनच धावला. माझं दार सताड उघडं टाकून.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. चेंडू जाळीत गेला, टाळ्या. त्या मुलीनं सुंदर सर्व्हिस केली, तिलाही टाळ्या. पंचानं दटावलं, तर मामाचा खणखणीत आवाज आला, "माफ करा साहेब, चांगलं मारलं पोरीनं!" अख्खं कोर्ट हसलं. वेंदुलाचं हसणं मला त्या सगळ्यांतून वेगळं ऐकू आलं. पाच-पाच झालं. सहा-पाच. मग एक लांबलचक देवाणघेवाण सुरू झाली. टप, टप, टप. मी मोजत होते, विसाव्यानंतर चुकले. अचानक सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत एकट्या मामाचेच हात वाजू लागले. या वेळी मात्र बरोबर वेळेला. मग बाकीचे वाजले.

एक गुण. मामा माझ्या बॉनेटवर बसून लहान मुलासारखा रडला. वेंदुला म्हणाली, "मामा, एकच आहे रे." तो म्हणाला, "मग? पावसुद्धा एकेकच भाजून होतो." पुढच्याच फेरीत ती सपाटून हरली, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. ओलोमोउत्सच्या कॉलेजला यित्कानंच फोन करून जागा सोडली.

त्याला आता तीन वर्षं होतील. एकाचे दहा झाले, दहाचे शंभर झाले. मध्ये मनगट दुखावलं तेव्हा पाच महिने घरी बसून तिनं बेकरीत पीठही मळलं, डाव्या हातानं. पण वेंदुलाचं नाव जगातल्या पहिल्या सव्वादोनशे मुलींत आलं आणि या मे महिन्यात तिला पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं बोलावणं आलं. तिकडे विमानानं जायचं. मामा जन्मात विमानात बसलेला नाही. "एवढं लोखंड वर राहतं कसं?" हा त्याचा महिनाभराचा प्रश्न. तरी तिकिटं दोन काढली आहेत.

माझीही मध्यंतरी सरकारी तपासणी झाली. तपासनिसानं खालून टॉर्च मारला, बराच वेळ चुकचुक केलं, आणि शेवटी मामाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "दोन वर्षं देतो. जास्त मागू नका." दोन वर्षं पुष्कळ झाली.

आज सकाळी आम्ही व्हिएन्नाच्या विमानतळाकडे निघालो आहोत, आणि गंमत अशी, की स्टिअरिंगवर वेंदुला आहे. लायसन्स तिला गेल्याच महिन्यात मिळालं. शेजारच्या सीटवर मामा दोन्ही हातांनी खिडकीवरची मूठ धरून बसला आहे.

"क्लच, क्लच! हळू सोड. झाबाला ठसका लागतो."

"मामा, तू गप बसशील का?"

"बसलोय गप. तिसरा टाक."

तिसऱ्याऐवजी पहिला पडला, मी गचके खाल्ले, मामानं देवाचं नाव घेतलं आणि दोघंही खो खो हसत सुटली. काय पळायचं ते माझं पळून झालं आहे. आता एवढं हसू पोटात घेऊन हळूहळू चालायला मला काहीच हरकत नाही. मागं मात्र गाड्या तुंबल्या आहेत आणि भोंगे वाजू लागले आहेत. म्हणून तुम्हालाच एक विनंती करते. रस्त्यात कधी जुनी हिरवी गाडी कडेकडेनं जाताना दिसली, तर चिडू नका. शेजारून वाट आहे, खुशाल पुढे जा. चालवणारी पोर नवी आहे. शिकतेय अजून.