व्हॉल्व्हवरचा हात

धाटावच्या एका रसायन कंपनीत चौकशीसाठी मुंबईहून ऋत्विक नावाचे तज्ज्ञ आले होते. हाताच्या कातडीवरून माणूस ओळखण्यात म्हणे त्यांची हयात गेली होती. वय असेल तिशीचं. सखाला पाच मिनिटांतच त्यांचा वीट आला.

भानगड एका फोटोची होती. चार महिन्यांपूर्वी कुणा गावकऱ्याने तो कुंपणाबाहेरून मोबाइलवर काढला होता. सांडपाणी नदीत सोडणारा व्हॉल्व्ह आणि तो फिरवणारा उजवा हात, बस्स. मनगटाच्या वर काही नाही. बोभाटा झाला, कंपनीला ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं, आणि त्या शिफ्टला व्हॉल्व्हवर नेमणूक निडी गावच्या धनेशची होती. आज त्याची नोकरी राहायची किंवा जायची. बाजू मांडायला त्याने प्लांटमधला आपला जुना जोडीदार सखा याला सोबत आणलं होतं.

पडद्यावर दोन हात झळकले. एक फोटोतला, एक धनेशचा. अंगठ्याजवळचे डाग, सुटलेलं कातडं, पेरांवरच्या सुरकुत्या दाखवत तज्ज्ञ म्हणाले, "नऊ खुणा जुळतात. असा हात लाखात एक."

लाखात एक! सखाला हसावं की थुंकावं कळेना. त्या प्लांटमध्ये ज्याचं त्याचं कातडं सुटायचं आणि महिनाभरात नवं यायचं. धनेशचे डाग तर रसायनाचेही नव्हते. सुट्टीत तो पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा, तिथले होते. फोटो असा धूसर, की बोटं मोजतानाही चुकावं. याच्यापेक्षा गावचा भगत बरा, चुकला तर निदान चार दिवस तोंड लपवतो.

पण थुंकायचं तर आधी स्वतःवर थुंकायला हवं होतं. व्हॉल्व्ह सखानेच फिरवला होता, समोर बसलेल्या मॅनेजरच्या तोंडी हुकमावरून. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नुसत्या हातावरून कोण कुणाला ओळखतंय, म्हणून तो भेकडासारखा गप्प बसला होता.

"काका, माझा हात नाय तो," धनेश पुटपुटला. "माझ्या पोरीची, दिपिकाची शपथ."

सखा उठला आणि त्याने उजवा हात टेबलावर आपटला. "फोटोतला हात ह्यो हाय. म्यॅनेजर साहेबांनी सांगितलं, मी फिरवला. लिवून घ्या."

मॅनेजरचा चेहरा उतरला. तज्ज्ञांनी मात्र शांतपणे भिंग काढलं, हात उलटसुलट करून पाहिला आणि कीव केल्यासारखे हसले.

"भावना समजतात, काका. पण हा हात जुळत नाही."

"माझा हात मला म्हाईत नाय व्हय?"

"शास्त्र असं चालत नाही."

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. जोडीदाराला वाचवण्यासाठी सखा खोटं बोलला, असं कागदावर आलं आणि धनेशला कामावरून काढलं.

गेटवर धनेशने भरल्या डोळ्यांनी सखाचे दोन्ही हात धरले.

"काका, माझ्यासाठी एवढं खोटं बोललात तुमी. सख्खा बाप बोलला नसता."