नाव घातलेलं ताट

१९९९ साली मी कोपरीच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत असे. नाथा कोळी कोपऱ्यात बसून आरोग्याची मासिकं वाचायचा. आम्ही दोघेही फारसं न बोलणारे. म्हणूनच बहुधा एके दिवशी त्यानं मला सांगितलं, की त्याला एचआयव्ही आहे. मुंबईच्या डॉक्टरांच्या नव्या औषधांनी ताप गेला, वजन भरलं, पण रक्तातली चरबी वाढली. वडील हृदयविकारानंच गेलेले. आता हृदय सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला, दगडाबाईंना, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

भांड्यांतून, जेवणातून हा रोग लागत नाही, हे मीच त्याला पुस्तक उघडून दाखवलं. मग मासिकं चाळली. एका लेखात होतं, सोयाबीननं रक्तातली चरबी उतरते. लेख धडधाकट माणसांबद्दल होता. नाथाच्या आजाराचा त्यात शब्दही नव्हता. तरी मी सांगितलं, सोयाबीनच्या वड्या खा. आणि वर म्हणालो, "मासे बंद."

चार महिने त्यानं मासळीला हात लावला नाही.

मग दगडाबाई आल्या. टोपली बाहेर ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमच्या पुस्तकांनीच केलं ना हे? पोरानं माळ घातली."

"माळ?"

"गल्यात नाय अजून, लाजतो. पन कोल्याच्या घरात मासली सोडली म्हंजे दुसरं काय? त्या वड्या खातो. मी खाल्ली एक, कापूस चावल्यासारखी. देव त्यानं कसा खूश होतो, त्यालाच म्हाईत."

पिशवीतून त्यांनी स्टीलचं नवं ताट काढलं. "आमच्या ताटांना मासलीचा वास. त्याचं येगलं पायजे. नाव लिहून द्या, भांडेवाला घालून देईल."

मी कागदावर नाव लिहून दिलं. दुसरं काय सांगणार होतो?

आठ दिवसांनी नाथा आला. चेहरा उतरलेला.

"काका, आईला तुम्ही सांगितलंत?"

"नाही रे."

"मग माझं ताट वेगळं का झालं? आठ दिवस त्यात जेवतोय. काल घासायला घेतलं, तर तिनं हातातून ओढून घेतलं."

मी माळेचं सांगितलं. तो हसला, मग थांबला. "ती मान देतेय आणि मी घाबरून मरतोय. शेजारीण रोज विचारते, ताट वेगळं का. आज ना उद्या आईच्या डोक्यात आजाराचं येईल. मासे खायला लागतो परत. हृदयाचं जे व्हायचं ते होवो."

तेव्हा मला बोलावंच लागलं. "मासे बंद, असं लेखात नव्हतं. ते माझं. आम्ही शाकाहारी, आमच्याकडे मटण-मासे सगळं एकच समजतात."

तो उठला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईला डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, मासे कोणी सोडायला लावले? मग म्हणाले, तळू नका, कालवण खा. सोयाही खा, पण त्याच्यावर भिस्त नको. रक्त तपासत राहू.

दुसऱ्या आठवड्यात दगडाबाई तेच ताट घेऊन आल्या. "पोरगा मानसात आला, भाऊ. आता आमच्याबरोबरच जेवतो. हे तुम्हाला घ्या. मासली लागलेली नाय ह्याला."

मी एकटाच राहतो. घरी आल्यावर ताट दोनदा धुतलं आणि फळीवर ठेवलं. नाथाला दाखवलेलं पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं. तिसऱ्या दिवशी त्यात भात वाढून घेतला. आधीचे दोन दिवस जुन्याच ताटात जेवलो, हे नाथाला मी अजून सांगितलेलं नाही.