दार लागल्याचा आवाज

"उजेड जरा वर धर गं! माझे गुडघे नाही बघायचेत मला," एमिल गाडीखालून ओरडला.

मी दिवा वर केला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावलं आणि हलकेच दाबलं. स्क्रूड्रायव्हर पार मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचा चुरा त्याच्या तोंडावर सांडला. थुंकत, डोळे चोळत तो म्हणाला, "इथं थोडं काम निघेल."

"थोडं?" दारात टेकून उभा असलेला रूडी खो खो हसला. रूडी कोसिक आमचा शेजारी. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्याचा जन्म गेला. आता घरी बसलाय, म्हणजे आमच्याच गॅरेजात बसलाय. "एमिल, ही गाडी नाही रे बाबा. गाडीच्या आकाराचा गंज आहे. रंगाने धरून ठेवलाय, म्हणून उभा आहे. दे भंगारात."

"आधी तुला देतो."

"मला कोण घेतंय! माझ्यात लोखंडच नाही."

इथे अमेरिकेत, आमच्या ईरी तळ्याकाठी गाड्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, मिठाने मरतात. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ ओततात आणि ते गाडीच्या पोटात शिरून बसतं. ही तर सत्तर सालची मसल कार. दोन दारं, बसकं छप्पर, पुढे राक्षसासारखं इंजिन, रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. लग्नाआधी एमिलकडे अगदी अशीच होती. थोरली पोटात असताना ती विकून आम्ही लांबलचक घरगुती गाडी घेतली. त्यावर तो पुढे कधी चकार शब्द बोलला नाही, आणि त्यावरूनच मला काय ते कळायचं. मग सगळी नोकरी शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांखाली उताणा पडून केली. निवृत्त झाल्यावर कुणा शेतकऱ्याच्या कोठारातून ही ओढून आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी म्हटलं, निदान नाश्त्याची सोय झाली.

"मला प्रदर्शनात नाही मांडायची," तो रूडीला सांगायचा. "चालली पाहिजे, वळली पाहिजे, थांबली पाहिजे. आमच्या डोरीनला, हिला, शेजारी बसवायचं, काचा खाली करायच्या, तळ्यापर्यंत एकदा जाऊन यायचं. बास."

त्या 'एकदा'चा अर्थ फक्त मला ठाऊक होता. डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांची मधली नजर जातेय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं नाही. उपाय नाही. ऑक्टोबरात लायसन्स नवं करायचं होतं, आणि तिथे यंत्राला कपाळ टेकवून अक्षरं वाचायला लावतात. म्हणजे जे काय व्हायचं ते ऑक्टोबरच्या आत. माझ्याशी बोलताना तो आता माझ्या कानाकडे बघायचा.

"कानाशी काय बोलतोस रे?"

"तोंडापेक्षा बरा आहे. उलट उत्तर देत नाही."

असा हा मेला. हसवायचा आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. रूडीला सांगू या, असं मी किती वेळा म्हटलं. "खबरदार," एवढंच उत्तर.

जुलैत इंजिन सुरू झालं. काय तो आवाज! कपाटातल्या बशा थरथरल्या, पलीकडच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं. रूडीने टोपी काढून गाडीला सलाम ठोकला. एमिल डोकं मागे टाकून असा हसला की मला तो हिरव्या गाडीतला पोरगाच दिसला. कबूल करते, त्या दिवशी माझाही विश्वास बसला. मी डोक्याला बांधायचा रुमालसुद्धा शोधून ठेवला.

मग राहिलं पोट. या गाडीला वेगळा सांगाडा नसतो, तळाचा पत्रा आणि दाराखालचे उंबरठे हाच तिचा कणा. तो कुजका भाग कापून नवा बसवायचा, तर आधी दारांच्या चौकटीत आतल्या बाजूने लोखंडी दांडे वेल्डिंग करून आवळावे लागतात. नाहीतर गाडी मधोमध खचते. एमिलला हे काय शिकवायचं! रूडी लेकीकडे गेला होता, तेवढ्यात त्याने दांडे लावायला घेतले.

"रूडीला येऊ दे ना," मी म्हटलं.

"का? तो काय हातात हात धरून शिकवणार आहे मला?"

त्याने मुखवटा ओढला, ठिणग्या उडाल्या. थंड झाल्यावर वेल्डिंगच्या टाक्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "बघ, लोण्यासारखा." टाका खरंच गुळगुळीत होता. मला त्यातलं काय कळतंय, मी वा वा केलं.

सोमवारी त्याने तळ कापला. मी कोबी आणि शेवया परतत होते, तेव्हा गॅरेजातून आवाज आला. मोठा नव्हता. म्हातारं माणूस खुर्चीत बसताना कण्हतं, तेवढाच. जाऊन बघते तो गाडी मधोमध बसलेली, एका बाजूचं दार चौकटीतून वर आलेलं, आणि एमिल हातात कटर धरून नुसता उभा.

रूडी परतला तो थेट गॅरेजात आला. वाकून दांडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं. मीही वाकले. टाका सरळ होता, सगळीकडे एकसारखा जाड, देखणा. फक्त तो जोडावर नव्हता. बोटभर बाजूला, नुसत्या पत्र्यावर पडला होता. दांडा चौकटीला टेकून उभा होता, इतकंच.

"पत्राच कुजका," रूडी घसा खाकरून म्हणाला. "कुजक्या पत्र्याला टाका धरणार कसा?"

एमिलने अंगठा टाक्यावरून हळूहळू बाजूला नेला. जोडाच्या फटीत तो अडकला. बराच वेळ त्याने तो तिथेच ठेवला.

"रूडी, तुला खोटं बोलता येत नाही. बायकोनेसुद्धा त्यापायीच पकडलं तुला."



"कधीपासून?" रूडीने विचारलं.

"मार्चपासून."

"गाढवा, मला सांगायचं नाहीस? मी केलं असतं की वेल्डिंग!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यानंतर दोघांनी खाली जॅक लावून गाडी वर उचलायचा प्रयत्न केला. एक बाजू उचलावी तर दुसरीकडे पत्रा कागदासारखा फाटायचा. शेवटी रूडीनेच हात झटकले. "दार लागत नाही रे, एमिल. ही आता नाही व्हायची." तरी एमिल रोज संध्याकाळी गॅरेजात जायचा, दार उचलून धरायचा, खांदा लावून ढकलायचा. दार धाडकन आपटून परत यायचं. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. पुरे कर म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

ऑक्टोबरात तो लायसन्सच्या कचेरीतून बाहेर आला आणि किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवून पलीकडच्या बाजूने पिकअपमध्ये बसला. घरी येऊन भंगारवाल्याला फोन त्यानेच केला.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने गाडी साबण लावून धुतली. रूडी म्हणाला, "अरे, चेपून टाकणार ते हिला." एमिल म्हणाला, "म्हणून काय घाणेरडी पाठवू?" रूडीने मुकाट्याने दुसरी बादली भरून आणली.

रूडीच्या ट्रेलरवर गाडी चढवून, तो आमच्या पिकअपला जोडून मीच चालवत नेला. लागत नसलेलं दार एमिलने दोरीने बांधलं होतं. तळ्याकडचा फाटा आला तेव्हा मी विचारलं, "वळू का?"

"नको. भंगारवाला वाट बघत असेल."

भंगाराच्या आवारात एक जाडजूड पोरसवदा बाई फोर्कलिफ्ट घेऊन आली. "मामा, दोरी सोडते हं," म्हणाली, आणि तिने दोरी कापली. दार लोंबकळत उघडं राहिलं. फोर्कलिफ्टच्या दोन जाड लोखंडी पट्ट्या गाडीच्या पोटाखाली, बरोबर मधोमध गेल्या आणि तिने गाडी अलगद उचलली. पोटाला आधार मिळाला तशी दोन्ही टोकं खाली झुकली, खचलेली कंबर सरळ झाली, चौकट उघडली. आणि दार आपल्या आपण झुलत आलं आणि लागलं.

खट्.

नव्या गाडीचं लागतं तसं.

एमिलची मान झटकन वळली. तो गाडीकडे नाही, गाडीच्या थोडं बाजूला बघत होता. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"असाच यायचा आवाज. तुला पहिल्यांदा घरी सोडायला आलो होतो तेव्हा तू दार लावलं होतंस, असाच." त्याचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "चौकट बरोबर होती माझी, डोरीन."

"होतीच," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो पिकअपकडे निघाला. सवयीने आधी चालवणाऱ्याच्या बाजूला गेला, कडीला हात लावला. मग बॉनेटवर हात ठेवून चाचपत पलीकडे गेला.

मागे त्या बाईने गाडी ढिगावर टेकवली. आधार सुटला तशी ती पुन्हा खचली आणि दार निखळल्यासारखं उघडून लोंबू लागलं. फोर्कलिफ्टच्या घरघरीत त्याला ऐकू आलं नसावं. मी आत बसले आणि माझ्या बाजूचं दार हळूच ओढून घेतलं.