दही घेतानाचा हात

उंब्रजच्या पेठेत ज्ञानूचा स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरा-नवरीभोवती बदाम उडवायची त्याला भारी हौस, आणि कुणी चूक दाखवली की हात वर करायची त्याहून मोठी. "तुमचा टीव्हीच जुना असंल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. चौदा वर्षांपूर्वी त्यानं रंगूबाईंनाही हेच सांगून वाटेला लावलं होतं.

त्याच रंगूबाई सोमवारी भर दुपारी स्टुडिओत आल्या आणि पदरात गुंडाळलेली सीडी त्यांनी टेबलावर ठेवली.

"पुतण्यानं नवा टीवी आणलाय, भिंतीएवढा. त्याच्यावर तर लयच थरथरतंय. आता टीवी जुना न्हाई, ज्ञानू."

ज्ञानू ओशाळला. सीडीत काय आहे हे त्याला पाठ होतं. रंगूबाईंचा एकुलता एक वीरधवल सैन्यात भरती झाला, पहिल्या रजेवर आला आणि परत निघाला, त्या सकाळचं ते शूटिंग. अंगणात आईनं त्याला ओवाळलं, निघणाऱ्याच्या तळहातावर घालतात तसं चमचाभर दही घातलं, त्यानं ते चाटलं आणि ट्रंक उचलली. सात महिन्यांनी सीमेवर बर्फाखाली सापडून तो गेला. त्याचं हलतंबोलतं असं घरात एवढंच उरलं.

"मला एकच सांग," रंगूबाई म्हणाल्या. "दही घेताना त्याचा हात थरथरतोय. त्यो त्याचाच हाय का तुज्या मशीनचं हाय? आदल्या दिशी मला म्हनला हुता, आई, मी न्हाई जात परत. मी म्हनलं, गाव काय म्हनंल? मग एक अक्षर बोलला न्हाई बग. त्याला भ्या वाटत आसंल आन् मीच त्याला धाडला आसंल, तर..."

त्यांनी सीडी त्याच्यापुढं सरकवली.

"मशीनचंच हाय, काकी," ज्ञानू घाईघाईनं म्हणाला. "चूक माजी हाय. बुधवारी या, सरळ करून देतो."

चूक त्याची होतीच. त्याच्या त्या जुन्या कॅमेऱ्यात एकेक चित्र दोन हप्त्यांत यायचं. आधी एकाआड एक ओळी, मग क्षणभरानं मधल्या राहिलेल्या. कोणत्या ओळी आधीच्या हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं, आणि लगीनसराईच्या गडबडीत ज्ञानूनं नेमकं उलटं सांगितलं. त्यामुळं जे जे हलेल ते पुढं-मागं होत थरथरायचं, कडांना कंगव्यासारखे दाते फुटायचे. पाच मिनिटांचं काम होतं. ते करायला या गड्याला चौदा वर्षं सवड झाली नाही.

मंगळवारी सकाळी त्यानं जुनी हार्ड डिस्क शोधून काढली, ओळींचा क्रम सरळ केला आणि व्हिडिओ नव्यानं तयार करून लावला. दारावरचं तोरण वाऱ्यावर सुरेख हलत होतं. निरांजनाची ज्योत शांत होती. मागं बांधलेली म्हैस सावकाश शेपूट मारत होती. रंगूबाईंनी दही घातलं, आणि वीरधवलचा हात थरथरला.

ज्ञानूनं ते दहा वेळा पाहिलं. एकेक चित्र थांबवून पाहिलं. मशीनचा त्यात काही दोष नव्हता. वीस वर्षांच्या पोराचा तो हात खरंच कापत होता, बोटाच्या फटीतून दही ओघळत होतं. त्या दिवशी आपण कॅमेरा घेऊन हातभर अंतरावर उभे होतो आणि आपल्याला फक्त उजेड पुरतोय का एवढंच दिसलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

मग त्यानं त्याला येत होतं ते केलं. हात स्थिर दिसणारं एक चित्र निवडलं आणि तेच तीन सेकंद ताणून ठेवलं. जन्म बदाम उडवण्यात गेलेला, त्याला हे काय अवघड!

बुधवारी रंगूबाई पडद्यासमोर बसल्या. हात स्थिर दिसला तशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "थांबला की रं! पुन्यांदा लाव."

त्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मात्र त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

"ज्ञानू, म्हशीची शेपूट का थांबली?"

"आं?"

"दही घेताना म्हस दोनदा शेपूट मारती. चौदा वरसं बगतीया मी. हितं मारत न्हाई."

ज्ञानूनं तो व्हिडिओ बंद केला. त्यानं हात न थांबवलेला, खरा व्हिडिओ लावला. तोरण, ज्योत, म्हैस, सगळं जिथल्या तिथं होतं. हात तेवढा कापत होता. रंगूबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या. लेक ट्रंक उचलून चौकटीबाहेर गेला, तरी बघत राहिल्या.

"म्हंजे त्याचाच हुता," त्या हळूच म्हणाल्या. "तुजी चूक हुती तवर बरं हुतं रं. तुला तरी बोल लावत हुते."

ज्ञानूनं टेबलाचा खण उघडला. "काकी, हात थांबवलेला न्यावा. मी पेन ड्राइव्हवर घालून देतो."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. टेबलावरची जुनी सीडी उचलली, पदरानं पुसली आणि पदरातच गुंडाळली.

"आवं पण ती लय थरथरती, काकी."

"थरथरू दे. हिच्यात म्हस थरथरती, तोरान थरथरतं, मी बी थरथरती. त्यो एकला पडत न्हाई."